रहांगडाले सरांचा विलायती धुरा

आयर्लंडमधल्या एका रिकाम्या घरात भर दुपारी आमच्या गोंदियाकडच्या गोरेगावची शिट्टी वाजली, आणि ते घर दाखवणारा दलाल असा दचकला की त्याच्या हातून फोनच सुटला. इकडे माझ्या ओसरीत बसलेल्या आम्हाला पडद्यावर आधी छत दिसलं, मग खिडकी, आणि मग बराच वेळ एक बूट.

"तळ लाकडाचा हाय," रहांगडाले सर तोंडातली शिट्टी काढून म्हणाले. "गोट्याची फरशी असती त फोन फुटला असता. बराबर का नाई मॅडम?"

कोणतंही घर भरीव आहे की पोकळ, भिंतीत ओल धरते की नाही, हे शिट्टीच्या आवाजावरून कळतं असा सरांचा ठाम समज आहे. स्वतःचं घर बांधताना त्यांनी प्रत्येक भिंतीला शिट्टी मारून पाहिली होती, तीही गवंडी भिंतीजवळ काम करत असताना. तो गवंडी स्लॅब टाकायच्या आधीच काम सोडून गेला. गावात दोष सिमेंटवर गेला, पण मी शेजारी राहते, मला खरं कारण माहीत आहे.

सर आमच्या शाळेत शारीरिक शिक्षण शिकवतात. आमच्या दोन घरांच्या मधे छातीपर्यंतची एक भिंत आहे, त्यामुळे माझ्याकडे काय शिजतंय ते त्यांना आणि त्यांच्याकडे काय बिनसलंय ते मला आपोआप कळतं. निळा ट्रॅकसूट, त्यावर पांढरे पट्टे, गळ्यात काळ्या दोरीची शिट्टी, हा त्यांचा बारमाही पोशाख. त्यांच्या एकुलत्या एक मुलीच्या, हेमाच्या लग्नात काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, त्यांना बळेच धोतर नेसवलं, पण शिट्टी काही गळ्यातून निघाली नाही. जेवणाच्या टेबलांपाशी वरपक्षाने गर्दी केली तशी सरांनी ती फुंकली. "लहान समोर, मोठे मागं! एक हात अंतर!" सवयीने सगळे उंचीप्रमाणे उभे राहिले. नवरदेवाचे मामा चांगले सहा फुटी होते. त्यांचा नंबर येईपर्यंत जिलबी संपली, आणि ते प्रकरण मिटवायला दोन्हीकडच्या जाणत्या माणसांना बसावं लागलं.

बोलण्यातसुद्धा सरांना रांग लागते. समोरचा घाईत काही सांगू लागला की ते तळहात उभा धरतात आणि म्हणतात, "लाईनीत सांगा." एकदा एक बाई रडत शाळेत आल्या, पोरगा घरून पळाला म्हणून. "लाईनीत सांगा बाई," सर म्हणाले, "आधी तुमी मारलं का आधी तो पळला?" बाईंनी क्रम लावता लावता रडणं थांबवलं, आणि क्रम लागला तेव्हा लक्षात आलं की पोरगा पळाला नव्हता, मैदानावर सरांनीच त्याला थांबवून ठेवलं होतं.

अशा या माणसाची निवृत्ती जवळ आली. आमच्याकडे निवृत्तीच्या आधीचं वर्ष फार बोलघेवडं असतं. कोणी गोंदियात फ्लॅट बघतो, कोणी चारधामची गाडी ठरवतो, कोणी पेन्शनचे कागद घेऊन पंचायत समितीत मुक्काम ठोकतो. स्टाफरूममध्ये मुख्याध्यापकांनी सहज विचारलं, "मग सर, पुढं काय?"

"मी आयर्लंडले घर घेऊन राहिलो," सर म्हणाले आणि डब्यातली चटणी पोळीला लावू लागले.

मग मुख्याध्यापकांनी समजूत घालायच्या सुरात विचारलं, "गोंदियात नाही का मिळत?"

"गोंदियात मच्छर किती हायत, मालूम हाय ना?"

संध्याकाळपर्यंत बातमी बसस्टँडच्या चहाटपरीवर पोचली. टपरीवाला म्हणाला, "सरजी, वहाँ तो ठंडी बहुत रहती, सुना है." सरांनी ट्रॅकसूटची चेन गळ्यापर्यंत ओढून दाखवली आणि विषय संपवला.

आयर्लंडच का, हे मात्र कोणाला विचारावं लागलं नाही. हेमा तिथे नर्स आहे. तिचा नवरा बालाघाटकडचा, आपल्याच जातीतला, कॉम्प्युटरवर काम करणारा, सालस मुलगा. दोघं एका लहान गावात राहतात. त्या गावाचं नाव 'बाली' असं काहीतरी सुरू होतं आणि पुढे जिभेला गाठ बसते, म्हणून सर त्याला सरळ 'तिकडचं बालाघाट' म्हणतात. हेमाने शंभरदा सांगितलं होतं, बाबा, आई, माझ्याकडे या, हवं तितकं राहा. पण सर लेकीच्या घरचं पाणी पीत नाहीत. त्यांचे वडील पीत नव्हते, आजोबा पीत नव्हते. आमच्या भागात हे व्रत आता बहुतेकांनी सोडलं आहे, जावयाकडचा फ्रीज उघडून थंड पाणी पितात आणि वर बर्फ मागतात. सरांनी सोडलं नाही.

लग्नानंतर पहिलं वर्ष हेमा गोंदियात होती. सर तिला भेटायला जायचे ते पाण्याची कॅन, डबा आणि स्वतःची घडीची खुर्ची घेऊन. खुर्ची फाटकाबाहेर मांडायचे. लेक आत, बाप बाहेर, आणि गप्पा फाटकावरून. त्या गल्लीतल्या लोकांना वाटायचं की हे वसुलीला आलेत. जावई बिचारा लाजेने लाल व्हायचा. पुढे ती दोघं नागपूरला गेली तर सर समोरच्या लॉजमध्ये उतरायचे. "लॉज नाई का बाप्पा तिकडे?" असं काकूंनी आयर्लंडबद्दल विचारलं, तेव्हा सर म्हणाले, "लॉज कायचा? लॉजवाला सकाळी खोली खाली कराले लावते. घर पायजे."

आणि घर घ्यायचं तर ते रीतीने घ्यायचं. इथे माझा नंबर लागला. मी शाळेत इंग्रजी शिकवते, म्हणजे इंग्रजीचे धडे मराठीतून शिकवते. खऱ्या इंग्रज माणसाशी बोलायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती आणि यावी अशी इच्छाही नव्हती. पण लेकीकडून काम करून घ्यायचं नाही हाही सरांचा नेम, म्हणून दलालाशी बोलायला मी. आपल्याकडे शाळा सुटते तेव्हा तिकडे दुपार असते. सर भिंतीवरून हाक मारायचे, "मॅडम, विलायत उघडली!" मी फोन पाण्याच्या माठाला टेकवून ठेवायची आणि देवाचं नाव घ्यायची.

दलालाचं नाव शॉन. तरुण, हसरा, बोलायचा असा की वाक्याचं शेपूट तोंडातच राहायचं. त्याने पहिल्या दिवशी स्वयंपाकघर दाखवलं. सरांनी विचारायला लावलं, धानाची ढोली कुठं ठेवायची? ढोली म्हणजे धान साठवायची मोठी कणगी, तिला इंग्रजीत काय म्हणतात हे मला आजतागायत सापडलेलं नाही. मी हातांनी मोठा गोल केला आणि 'राईस' म्हटलं. शॉनने एक कपाट उघडून दाखवलं, त्यात दोन कोट लटकत होते. मग सरांनी छपराचे कवेलू पावसाळ्याआधी कोण फेरतो ते विचारलं, आणि माकडं येतात का तेही.

"नाही येत म्हणतो," मी सांगितलं. "त्या देशात माकडंच नाहीत."

"वांदर नाई?" सरांच्या कपाळावर आठी आली. "म्हंजे एकबी फळझाड नसंन. पुढचं घर दाखव म्हना."

अशी पुष्कळ घरं झाली. शॉनही हट्टी निघाला, शिट्टीला सरावला, सर शिट्टी ओठांना लावायला लागले की फोन दोन्ही हातांनी धरायचा. पण एक गोष्ट त्याच्या डोक्यात शिरत नव्हती, आणि खरं सांगायचं तर माझ्याही. घर हेमाच्या घरापासून किती लांब असावं याबद्दल सरांचं मागणं फार चमत्कारिक होतं. फार लांब नको, हे ठीक. पण फार जवळही नको. बसने जावं लागलं तर घर बाद. रस्त्यात चढ असेल तर चालेल, किंबहुना थोडा चढ असलेला बरा. एक घर हेमाच्या खिडकीतून दिसण्याइतकं जवळ होतं, स्वस्त होतं, मागे सफरचंदाचं झाडही होतं. सरांनी ते शिट्टी न मारताच नाकारलं. "एवढं जवळ कायच्या कामाचं?" म्हणाले.

एक दिवस भिंतीवरून त्यांनी मला विचारलं, "मॅडम, तुमी कदी रागानं माहेरी गेल्या का?"

"गेले ना. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी. केशोरीला."

"पायी?"

"एसटीने, सर. केशोरी काय इथं आहे?"

"मंग राग कुठपर्यंत टिकला? अर्जुनीपर्यंत? का आधीच उतरला?"

मी सांगितलं की राग केशोरीपर्यंत टिकला, आणि आईने फोडणीचं वरण वाढलं तेव्हा उतरला. सरांनी मान डोलावली, पण त्यांचं समाधान झालं नाही. त्यांना चालत्या माणसाचा राग हवा होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रयोग केला. काकू अंगणात तांदूळ निवडत होत्या, सर समोर उभे राहिले, मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "जरा रागाव ना."

"काऊन?"

"तू रागाव. थैली घे, घराबाहेर नीघ, आन जेथं राग उतरन तेथं थांब. मी मागून येऊन राहिलो."

काकू म्हणाल्या की मला कामं आहेत. सर म्हणाले, तुझ्या हातची भाजी अलीकडे मैदानावरच्या चुन्यासारखी लागते. हे त्यांनी प्रयोगासाठी म्हटलं असं ते अजून शपथेवर सांगतात. काकूंनी सूप खाली ठेवलं, थैली घेतली आणि निघाल्या. त्या शाळेवरून गेल्या, दवाखान्यावरून गेल्या, बसस्टँडवर पोचल्या, आणि सर घड्याळ बघत मागून धापा टाकत येईपर्यंत एसटीत बसून भावाच्या गावी निघूनही गेल्या. राग कुठे उतरतो ते मोजायचं राहूनच गेलं. चार-सहा दिवस सरांनी स्वतः रांधून खाल्लं. मग काकू लाखोरीची डाळ घेऊन, टवटवीत चेहऱ्याने, आपल्या आपण परतल्या. सर मला म्हणाले, "पाहा मॅडम, कशी ताजी होऊन आली." मला वाटलं, म्हातारपणी बायकोचं कौतुक सुचलंय.

अखेर एक घर सापडलं. दगडी, बैठं, गावाच्या टोकाला, आणि सरांच्या त्या चमत्कारिक मापात बसणारं. शिट्टीही पास झाली. शॉनने आनंदाने विचारलं, मग आता? सर म्हणाले, "आता धुरा."

धुरा म्हणजे शेताचा बांध, आणि धुऱ्याचा माणूस म्हणजे बांधाला लागून असलेला शेजारी. आमच्याकडे जमीन घ्यायची तर आधी चारी धुऱ्यांच्या माणसांकडे जाऊन चहा घेतात. विकणारा विकून मोकळा होतो, जन्म काढायचा असतो धुऱ्याच्या माणसाबरोबर. त्याने चहाला नाही म्हटलं तर जमीन सोन्याची असली तरी सोडून देतात. हे मी शॉनला इंग्रजीत सांगितलं. तो म्हणाला की शेजाऱ्यांची परवानगी लागत नाही, कायद्यात तसं नाही. मी म्हटलं, परवानगी नको, चहा हवा. त्याने डोकं खाजवलं, पण गडी कामाचा होता, फोन घेऊन चार दिशांना निघाला.

उत्तरेला कबरस्तान निघालं. सरांनी हात जोडले आणि म्हणाले, "हे लोक बरे. धुरा कोरत नाई." दक्षिणेला रस्ता आणि एक बसस्टॉप. पश्चिमेला एक शेतकरी, लालबुंद चेहऱ्याचा, गाई-मेंढ्यांचा मालक. तो कुंपणाला टेकून मगातून चहा प्यायला, इकडे सर स्टीलच्या पेल्यातून प्याले, आणि मधे मी शेणाला सभ्य इंग्रजी शब्द शोधत बसले. दोघांचं जमलं. त्याच्या गाईचा खूर दुखत होता, त्यावर सरांनी फोनमधून उपाय सांगितला. तो त्याने केला की नाही देव जाणे.

पूर्वेला नोरा नावाची म्हातारी. एकटी, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एक मांजर आणि काही कोंबड्या. ती दारात फोन घेऊन आलेल्या शॉनला म्हणाली की चहाच घ्यायचा तर आत या, उभ्याने कसला चहा? मी हे भाषांतर करून सांगितलं तसे सर सरसावून बसले. त्यांनी विचारायला लावलं, लेकरं? एक मुलगी, ऑस्ट्रेलियात दिलेली. येते का? दोन-तीन वर्षांतून एकदा. सरांनी आपला पेला फोनसमोर जरा उंच धरला, तिकडून तिने आपला कप उंच धरला. त्यानंतर धुऱ्याच्या नावाखाली आठवड्यातून एकदा, तिच्याच फोनवरून, नोराबाईंचा चहा सुरू झाला. तिला काकूंचं लोणचं पडद्यावरून दाखवण्यात आलं. तिने कोंबड्या दाखवल्या. सरांनी त्यांना रांगेत उभं करायला सांगितलं, ते जमलं नाही.

इथवर सगळी गंमत होती. मग सरांनी रस्त्याकडची बांधी विकायला काढली. बांधी म्हणजे धानाचा तुकडा, आणि ही त्यांची सगळ्यात चांगली, कालव्याचं पाणी येणारी. काकू भिंतीपाशी येऊन डोळे पुसायला लागल्या. "बाई, तुमी तरी सांगा जी ह्यायले. लेकीच्या घरचं पानी पेत नाई म्हनून बापाची बांधी इकते का कोनी? एक बिसलरी घेऊन जा म्हना ना!"

मला राग आला. काकूंचा नव्हे, सरांचा. मी भिंतीवरून सरांना चांगलं सुनावलं. म्हटलं, सर, नेम नेम म्हणून किती ताणायचं? त्या पोरीला भेटायला वर्षातून महिनाभर जाल, आणि त्यासाठी असं घर घेणार की जे अकरा महिने कुलपात? कोणासाठी?

सर भिंतीपलीकडे उभे होते. मला वाटलं, तळहात उभा धरतील आणि लाईनीत सांगा म्हणतील. पण त्यांनी हात भिंतीवर ठेवला आणि खाली बघत बोलले.

"मांगच्या थंडीत हेमाचं आन जावयाचं भांडन झालं. मोठं नाई जी, कपडे धुवाच्या मशीनवरून. ही रागानं घराबाहेर निघाली. आन मंग रस्त्यावर उभी. जावं कुठं? माहेर त येथं. बसस्टॉपवर जाऊन बसली म्हने. पानी येऊन राहिलं होतं. बस आली, गेली. दुसरी आली, गेली. मंग बोटं गारठले, त परत गेली घरी. आपल्या आपण. हे तिनं आईले फोनवर हासत सांगतलं, तिची आईबी हासली. मी बाजूलेच होतो." ते थांबले. "माह्या पोरीले रुसाले जागा नाई, मॅडम. येथं कोनत्याबी पोरीले रुसाले जागा असते. तिले नाई. मी तेथं असो नसो, चाबी तिच्यापाशी राहीन. पोरगी रागानं चालत जाईन, दार उघडन, बसन. कुलपात रायते त राहू द्या."

इतके महिने मी त्या माणसाच्या शिट्टीवर, मापांवर, चढाच्या रस्त्यावर घरात सगळ्यांना हसवलं होतं, आणि तो लेकीच्या रागाला पुरेल एवढा रस्ता शोधत होता. मी काकूंकडे पाहिलं. काकूंनाही हे पहिल्यांदाच कळत होतं. त्या आत गेल्या, आणि बांधीचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

पण घर गेलं. बांधीचं गिऱ्हाईक इकडे अजून सातबारा बघत होतं आणि तिकडे कोणीतरी ते दगडी घर घेऊन टाकलं. शॉनने फार वाईट वाटून सांगितलं. सरांनी त्याला उलट धीर दिला, "तुही गलती नाई बे," आणि उठून गेले. पुढचा आठवडाभर मैदानावर पोरं कशीही उभी राहिली, कोणाच्या मागे कोणी, आणि सर कडुलिंबाखाली बसून बघत राहिले. पोरांना भीतीच वाटली, ती आपली आपण रांगेत आली.

जमिनीचा सौदा फिसकटला तर धुऱ्याच्या माणसाला तसं सांगायचं असतं. ज्याचा चहा घेतला त्याला दुसऱ्याकडून कळू नये. म्हणून आम्ही नोराबाईंना फोन लावला. सर म्हणाले, "सांगा, घर नाई झालं. चहाबद्दल उपकार हायत म्हना."

मी तेवढं सांगितलं. आणि मग, सरांना न विचारता, पुढचंही सांगितलं. माझ्या मोडक्या इंग्रजीत, क्रियापदं कुठेही टाकत, मी मशीन सांगितलं, पाऊस सांगितला, बसस्टॉप सांगितला. रुसून माहेरी जाणं याला इंग्रजीत शब्द नाही. मी म्हटलं, आमच्याकडे मुलगी रागावली की आईच्या घरी जाते, आणि हिची आई फार लांब आहे. म्हातारी ऐकत होती. मांजर तिच्या मांडीवरून उतरून गेलं. मग ती म्हणाली, गावात बसस्टॉप एकच, तो माझ्या कुंपणापलीकडेच आहे, मला त्या दिवशी कोणी बसलेलं दिसलं असतं तर मी हाक मारली असती. आणि म्हणाली, त्यांना सांग, माझ्या मुलीची खोली रिकामीच आहे. घर कशाला विकत घ्यायचं?

मी सरांना ते सांगितलं. सरांनी दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाले, "तिले म्हना, धुऱ्याच्या मानसाचा लई मान रायते आमच्याकडे." हेमाला त्यांनी फोनवर एवढंच सांगितलं, "तेथं एक मोठी माय हाय, बसस्टॉपच्या पूर्वेकडं. राग आला त तिच्याकडं जाजो. बसस्टॉपवर बसू नोको." हेमा खूप हसली म्हणे, बाबा, तुम्ही पण ना!

त्यालाही दिवस झाले. परवा बाजाराचा दिवस होता. सर, काकू आणि मी भाजी घेत होतो. भोवती कांदे-लसणाचा पुकारा, कोंबड्यांचा कलकलाट, मोटारसायकलींचे भोंगे. माझा फोन वाजला. पडद्यावर नोरा.

मी एका कानात बोट घालून ऐकलं. हेमा तिच्याकडे आली होती. एकटी, पिशवी घेऊन, तणतणत. काही विशेष नाही, नेहमीचं भांडण. तिने येऊन दार वाजवलं, खुर्चीत बसली, आधी रडली, मग नवऱ्याबद्दल खूप बोलली, आता कोचावर झोपली आहे.

मी सरांना सांगितलं. सरांच्या हातात वांगं होतं, ते तसंच राहिलं. काकूंनी माझा दंड घट्ट धरला.

"जेवली का विचारा," सर म्हणाले.

विचारलं. जेवली. बटाटे आणि लोणी, दोनदा घेऊन. आणि नोराबाई म्हणत होत्या की नवऱ्याचा फोन येऊन गेला, तो घाबरलाय, संध्याकाळी न्यायला येतो म्हणतो, तर काय सांगू?

"आज नोको म्हना!" सर एवढ्या मोठ्याने म्हणाले की शेजारची कांदेवाली दचकली. "जावई आला त बसवा म्हना, चहा पाजा, चांगलं बोला. पन पोरगी आज देत नाई म्हनून सांगा. दोन रोज राहीन, मंग येजो म्हना घ्यायले."

मी सांगितलं. पलीकडून म्हातारी हसली आणि म्हणाली की तिच्या मनातही तेच होतं.

फोन ठेवला. काकू पदराने डोळे पुसत होत्या आणि हसतही होत्या. सरांनी हातातलं वांगं तागडीत टाकलं, मग आणखी एक, मग मूठभर.

"सरजी, तुमी त दोगंच जन खानारे," भाजीवाली म्हणाली. "एवढे कायले?"

"टाक जी बाई, टाक," सर म्हणाले. "आज माही लेक माहेरी आली हाय."